पश्चिमेची खोली आणि एका गाईचा चारा

क्लूनारा, मेयो
ता. ८ नोव्हेंबर १९६४

ति. अट्रॅक्टाताईस,
धाकट्या मॅलकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं नाही म्हणून मीच लिहायला बसलो. डब्लिनची हवा लागली की माणसं भावाला विसरतात असं ब्रीज म्हणते. मी आपलं तुझी बाजू घेतली. पोरं मजेत आहेत. आत्याचा गुडघा ओल्या हवेत कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता कामाचं. ताई, मी घर आणि जमीन विकायचं ठरवलंय. लगेच तोंड वाकडं करू नकोस, पुढे वाच. गावात आता उरलंय कोण? शाळेत माझी दोन धरून सात पोरं. माझे मेहुणे, ब्रीजचे भाऊ, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात आहेत, मलाही लावून देतो म्हणतात. इथं एक जर्मन गृहस्थ आलाय. त्याला आपल्या लव्हाळ्यांनी भरलेल्या रानात काय दिसलं देव जाणे, पण घ्यायला तयार आहे. अट एकच, संत ब्रिजिडच्या सणापर्यंत, म्हणजे एक फेब्रुवारीपर्यंत, घर मोकळं हवं. मोकळं म्हणजे अगदी रिकामं.

वकील लॅव्हेलसाहेब म्हणतात, मालकी दाखवणारे कागद आणा. बाबांच्या पेटीतले कागद उंदरांनी कुरतडलेत. तर तू एखाद्या शनिवारी हेन्रिएटा स्ट्रीटच्या दस्त कचेरीत जाऊन आजोबांपासूनच्या नोंदी काढशील का? तू टायपिस्ट, असली अक्षरं तुलाच लागायची.

आत्याचं म्हणशील तर तिला काउंटी होममध्ये, सरकारी वृद्धाश्रमात, जागा मिळेल. तिथं नन्स आहेत, गरम पाणी आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तूच पत्रातून सांगितलंस तर बरं, तुझं ती ऐकते.

उत्तर लवकर पाठव, आणि रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
मॅलकी

---

रॅथमाइन्स, डब्लिन
ता. २४ नोव्हेंबर १९६४

चि. मॅलकी यास,
अ. उ. आ.

आत्याला सांगायचं मी? वा रे वा! कॉव्हेंट्रीला तू जाणार, आणि काउंटी होमचं नाव काढायचं ते मी! ती जागा म्हणजे जुनं वर्कहाऊस, कंगालांना कोंडायची जागा, हे तू सोयीनं विसरलास. १८४७ च्या भुकेच्या सालात, बटाटे कुजले तेव्हा, आपल्याकडची माणसं त्या दारातून आत गेली ती उभी बाहेर आली नाहीत. म्हाताऱ्या माणसांना त्या भिंती नुसत्या दिसल्या तरी धडकी भरते. नन्स आहेत म्हणे! माझ्या घरमालकिणीनं एका खोलीत दोघींना मनाई केली नसती, तर मी उद्या गाडीत बसून आत्याला इकडे आणली असती.

तरी कचेरीत गेले. तू सांगितलंस म्हणून एकदा, आणि सोडवेना म्हणून परत परत. ते ग्रंथ एवढे जड की शिडीवरून उतरवताना मी त्यांच्यासकट पडते की काय असं तिथल्या शिपायाला वाटलं. धूळ अशी की स्वयंपाकाचा एप्रन बांधून बसले. पण मॅलकी, आपली माणसं आहेत रे त्यात!

सगळ्यात जुना दस्त १७९३ चा. जमीनदारानं आपल्या टार्पींना जमीन दिली ती वर्षांच्या मुदतीनं नाही, तीन जिवांच्या मुदतीनं. म्हणजे दस्तात तीन माणसांची नावं घालायची, आणि त्यातला शेवटचा जीव जाईपर्यंत जमीन आपली. मग धडधाकट पोरं बघून नावं घालत. आपल्या पणजोबांच्या आजोबांनी दोन मुलगे घातले आणि तिसरी ऑनर, चार वर्षांची मुलगी. पुढच्या दस्तात लिहिलंय, दोघं भाऊ वारले, ‘ऑनर टार्पी, अविवाहित, एकटी हयात’. हे भुकेच्या सालातलं आहे. नवं नाव घालायचं तर जमीनदाराला भरणा करावा लागे, तो कुठून करणार? म्हणजे त्या सालात सगळी जमीन एका बिनलग्नाच्या म्हातारीच्या श्वासावर उभी होती. ती टिकली. दोन वर्षांनी नवा कायदा आला आणि पट्टा कायमचा झाला.

आता आठव. आत्या बटाटे उकडून उपसायची तेव्हा पहिला बटाटा बाजूला काढून पश्चिमेच्या खोलीत नेऊन ठेवायची. हा ऑनरचा, म्हणायची. आपल्याला वाटायचं ऑनर म्हणजे भूत आहे, आणि तू तर घाबरून माझ्या पांघरुणात शिरायचास. भूत नव्हतं रे. तिला आधी वाढत होते, कारण ती गेली की सगळे रस्त्यावर. कचेरीत हे वाचताना मला रडू आलं, अगदी सगळ्यांसमोर.

आता तुला नको असलेलं सांगते. बाबांच्या लग्नात आजोबांनी जमीन त्यांच्या नावावर केली तो दस्तही सापडला. नेहमीचंच सगळं, आजोबांना चुलीजवळची जागा वगैरे. आणि त्याखाली असं कलम: मुलगी डिम्पना, म्हणजे आपली आत्या, हिला पश्चिमेच्या खोलीत राहण्याचा, एका गाईच्या चाऱ्याचा, आणि दलदलीतून कापलेल्या हव्या तेवढ्या टर्फच्या जळणाचा हक्क, ‘तिचं लग्न किंवा मृत्यू होईपर्यंत’. रीतसर नोंदलेलं आहे. तेव्हा घर मोकळं करून देणं तुझ्या हातात नाही. नक्कल सोबत आहे. वकिलांना दाखव, आणि एकदा आरशातही बघ.

ब्रीजला आणि पोरांना आशीर्वाद. रागावून लिहिलंय, पण लिहिलंय तुलाच.
तुझी,
अट्रॅक्टाताई

---

क्लूनारा
ता. ६ डिसेंबर १९६४

ति. ताईस,
सा. न.

शाबास! भावानं बहिणीला पाठवलं कागद आणायला, आणि बहिणीनं भावाच्याच पायात दोरी बांधून पाठवली. तुला डब्लिनमध्ये बसून बोलायला काय जातं? इथं सकाळी गमबूट घालून पाण्यात तू उभी राहत नाहीस. ब्रीजनं निम्मं सामान बांधलंय. तिच्या भावानं खोल्या बघून ठेवल्यात. जर्मन माणूस दर आठवड्याला येऊन खिडक्या मोजतो. आता त्याला काय सांगू, घराबरोबर एक आत्या घ्यावी लागेल म्हणून?

लॅव्हेलसाहेबांनी नक्कल दोनदा वाचली आणि हसले. म्हणाले, कलम पक्कं आहे, पण त्यातच वाटही आहे. लग्न झालं की हक्क संपला. मी म्हटलं साहेब, ती एकाहत्तरची आहे. ते म्हणाले, कायद्याला वय नसतं.

ताई, हसू नकोस. बार्टली रुएन अजून एकटाच आहे. टेकडीपलीकडे त्याचं कोरडं, पत्र्याचं घर आहे. तरुणपणी तो आत्यासाठी झुरायचा हे अख्ख्या गावाला माहीत आहे. परवा मी रीतीप्रमाणे सोयरिकीची बाटली घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं टोपी काढली आणि टोपीकडे बघतच म्हणाला, ती तयार असेल तर. मग पुढच्या रविवारी आत्यानं त्याची जमीन फिरून बघायची असं ठरलं. आत्याला ब्रीजकरवी विचारलं. तिनं नुसती मान हलवली. आता मान हलवली म्हणजे हो, की मानेवर माशी बसली, ते तिलाच ठाऊक.

काउंटी होमपेक्षा हे बरं की नाही? मी काही राक्षस नाही. झोप लागत नाही मला, हेही लिहून ठेवतो.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
मॅलकी

---

रॅथमाइन्स
ता. ९ डिसेंबर १९६४

ति. डिम्पना आत्यास,
अट्रॅक्टाचा सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र मुद्दाम पोस्टमास्तरणीकडे पाठवलंय, ती तुझ्याच हातात देईल. मॅलकी घर विकतोय. तू तिथं राहू नयेस म्हणून तुझं लग्न लावतोय. पण आजोबांच्या दस्तात पश्चिमेची खोली तुझी आहे, तू मरेपर्यंत तुझी, फक्त लग्न केलंस तर जाईल. तुला कुणी कागदावर सही कर म्हणालं तर करू नकोस. बार्टली वाईट माणूस नाही हे मला माहीत आहे, पण खोली रिकामी करायला कुणी नवरा करतं का गं?

आई गेली तेव्हा मॅलकी पाळण्यात होता आणि मी परकरी पोर. तू आम्हाला वाढवलंस. तुझ्यासाठी मला एक खोलीही करता आली नाही, याची मला फार लाज वाटते. मी नाताळला येऊ का? नुसतं ये म्हण, रजा मिळो न मिळो.

तुझीच,
अट्रॅक्टा

---

क्लूनारा
ता. ११ जानेवारी १९६५

चि. अट्रॅक्टा हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, कारण मी विचार करत होते, आणि माझा चष्मा पोरांनी नाताळच्या हंसाच्या उपटलेल्या पिसांत हरवला होता. नाताळला आली नाहीस ते बरं केलंस. तू आली असतीस तर भांडण झालं असतं, आणि भांडणात माणसं मनात नसलेलं बोलतात.

बाळे, तो दस्त मला माहीत आहे. सही झाली तेव्हा मी त्याच स्वयंपाकघरात लोणी घुसळत होते. तुझ्या आजोबांनी मोठ्यानं वाचून दाखवला. मग एवढी वर्षं बोलले का नाही? आपल्याच घरात राहायचा हक्क आहे असं बोलून दाखवायची वेळ यावी, यापरीस लाजिरवाणं काय आहे? असलं बोलायचं नसतं.

बार्टलीची जमीन फिरून आले. गमबूट घातले, काठी घेतली, आणि चांगली कुंपणाकुंपणानं फिरले. खालचं शेत पाणथळ आहे, गुरं मात्र छान ठेवली आहेत. वरच्या कुंपणाशी तो थांबला. म्हणाला, डिम्पना, तुला यावंसं वाटलं तर ये, पण त्या पोरानं हाकललं म्हणून येऊ नकोस, ते मला सोसायचं नाही. तरुणपणी तो असं धड एक वाक्य बोलला असता तर काय झालं असतं, ते आता विचारू नकोस. त्याला म्हटलं, रविवारी चहाला ये. तेवढंच ठरलंय.

घरी येऊन मी मॅलकीला सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, तू जर्मनाशी बोललास, वकिलाशी बोललास, बहिणीला लिहिलंस, बायकोला पुढे केलंस, बार्टलीकडे बाटली नेलीस. एका माझ्याशी बोलला नाहीस. ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत ये, आणि आत्या तू निघ, असं आपल्या तोंडानं सांग. त्याच संध्याकाळी निघेन. बार्टलीकडे नाही, कुणावर ओझं होऊन नाही. काउंटी होममध्ये जाईन. दस्त पुढे करणार नाही, आणि अट्रॅक्टालाही करू देणार नाही.

तेव्हापासून तो माझ्या दाराशी येतो आणि परत जातो. पावलं ऐकू येतात. माझी बोचकी बांधून तयार आहेत. भीती वाटते गं, खोटं कशाला सांगू.

तू मध्ये पडू नकोस. थंडीत लोकर अंगाला लावून नीज.
तुझी,
डिम्पना आत्या

---

क्लूनारा
ता. ३ फेब्रुवारी १९६५

ति. ताईस,
मॅलकीचा सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही तारा मिळाल्या. उत्तर हे घे.

सणाच्या आदल्या संध्याकाळी जर्मन गृहस्थ किल्लीसाठी आला. ब्रीजनं त्याला चुलीपाशी बसवून चहा दिला. मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. एक वाक्य तर आहे. तेवढ्यात पोरं मागे लागली, डॅडी, लव्हाळे आणा, ब्रिजिडचे क्रूस करायचे. सण तो सण. खालच्या शेतातून भारा कापून आणला. तुला रीत माहीतच आहे, लव्हाळे घेऊन बाहेर थांबायचं, दार ठोठावायचं, ब्रिजिडला आत घ्या म्हणायचं, आणि आतल्यांनी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आत्या क्रूस विणायला तिच्याच खोलीत बसली होती, पोरंही तिथंच. म्हणून मी पश्चिमेच्या खोलीच्या बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं बरं झालं, आत जाऊन भारा टाकतो आणि सांगून मोकळा होतो.

दार ठोठावलं आणि म्हणालो, आत घ्या. आतून तिचा आवाज आला, ये रे, तुझंच घर आहे. रीतीप्रमाणे तीनदा विचारायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना लक्षात आलं. ताई, जिला बाहेर काढायला आलो होतो तिच्याच दारात, भिजलेले लव्हाळे छातीशी धरून, मी आत घ्या म्हणत होतो. आत गेलो. तिनं बोचक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला म्हणता आलं ते एवढंच, आत्या, टर्फ पुरेल का गं, अजून आणू? ती म्हणाली, आण. मग दोघंही रडलो. पोरं घाबरली.

जर्मनाला तसाच परत पाठवला. वरचं रान हवं असेल तर घे म्हटलं, घर नाही. ब्रीज माझ्याशी बोलत नाही. पण काल तिनं बटाटे उपसले आणि पहिला बटाटा पश्चिमेच्या खोलीत नेऊन ठेवला. कॉव्हेंट्रीचं मी अजून नाही म्हटलेलं नाही. कदाचित मी एकटाच जाईन आणि दर उन्हाळ्यात येईन. बार्टली रविवारी चहाला येतो, टोपी काढून बसतो.

आता वकिलांचं. परवा लॅव्हेलसाहेबांकडे जाऊन नवा दस्त करून आलो. ते आता हसले नाहीत. आत्याच्या मागे पश्चिमेची खोली, एका गाईचा चारा आणि हवं तेवढं टर्फ, हा हक्क अट्रॅक्टा टार्पी, अविवाहित, हिचा. नोंदणीसाठी तुझ्याच त्या हेन्रिएटा स्ट्रीटच्या कचेरीत आला असेल. एप्रन बांधून जा आणि वाचून ये. लग्न केलंस तर हक्क जाईल, हे आधीच सांगून ठेवतो, मग माझ्या नावानं ओरडू नकोस.

उन्हाळ्यात ये. गाय कुठली हवी ते तूच निवड.
तुझा,
मॅलकी