एंजेलानं गाणं बंद करायला लावलं

सावेडी, अहिल्यानगर (तुमच्यासाठी नगरच)
मंगळवार

ती. दयाआत्या,

पॉलचा, आराधनाचा आणि दोन्ही पोरांचा प्रभूच्या नावानं सलाम. इकडे आम्ही सगळे त्याच्या कृपेनं धडधाकट आहोत. तुमचा डावा गुडघा आता काय म्हणतो? ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? (खोटं सांगू नका, शेजारच्या राहीबाई मला फोनवर सगळं सांगतात.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आत्या, फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो आत्या" म्हणतो. आज मला बोलायचं आहे. लाल पेन हातात घेतलं असेल तर ते आधी खाली ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू, बातमी मोठी आहे.

एंजेलाचं तुम्हाला ठाऊकच आहे. घरात ही पोरगी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडते, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की मुकी. दुकानात बोट दाखवते, वर्गात हजेरीला नुसता हात वर करते, संडे स्कूलमध्ये वचन म्हणायची वेळ आली की माझ्या शर्टात तोंड लपवते. पहिलीत गेली तरी तिचा आवाज कसा आहे हे तिच्या मिसला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. तुम्ही म्हणालात, मागे लागू नका, चार ठिकाणी फिरवा. बाकीच्यांनी काय काय सुचवलं ते लिहीत नाही. (एकांनी पोपटाचा उष्टा पेरू सांगितला. पेरू मिळाला, पोपट मिळाला नाही.) आराधना वरवर हसायची, पण रात्री पोरीच्या उशाशी बसून प्रार्थना करायची तेव्हा तिचा स्वर मला ऐकू यायचा. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो.

तर गेल्या शनिवारी आराधना दवाखान्याच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. जाताना बजावून गेली की खिचडी कुकरात आहे, दोघांना घेऊन एकट्यानं कुठे जाऊ नका. आता तुम्ही सांगा, नागापूरच्या कंपनीत तीस माणसांची पाळी सांभाळणाऱ्या सुपरवायझरला दोन पोरं जड जातील का? तिची एसटी सुटली असेल-नसेल, तोवर आम्ही स्कूटरवर होतो. पुढे तीन वर्षांचा इसहाक उभा, हॉर्नवर दोन्ही हात. मागे एंजेला, तिच्या आईच्या ओढणीनं माझ्या पोटाला बांधलेली. इसहाकच्या हॉर्नमुळे आम्हाला सगळ्या रस्त्यावर लोकांनी वाट दिली.

आधी रणगाड्यांच्या संग्रहालयात गेलो. तिथं देशोदेशीचे रणगाडे झाडांखाली कसे शिस्तीत उभे आहेत! मी एकेकाची माहिती वाचून दाखवत होतो. (पोरं ऐकत नव्हती, पण मागून चाललेल्या एका सहलीनं मला गाईड समजून बरेच प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. ती बरोबर होती असं मी म्हणत नाही.) इसहाकला त्यातला एक रणगाडा घरी न्यायचा होता. पार्किंगला जागा नाही, असं मी त्याला समजावलं, तर तो जमिनीवर आडवा पडला. शेवटी एंजेलानं माझ्या कानाला तोंड लावून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं, "पप्पा, त्याला म्हणा, रणगाडा झोपलाय." मी म्हटलं. इसहाक उठला, रणगाड्याला थोपटलं आणि मुकाट चालू लागला. एवढी अक्कल असलेली पोर लोकांसमोर का बोलत नाही, हे मला तेव्हाही कळेना.

भूक लागली म्हणून केडगावच्या पुढे पुणे रस्त्यावर एक नवं फॅमिली रेस्टॉरंट झालंय तिथं गेलो. आत अर्धा हॉल एका वाढदिवसानं भरला होता. फुगे, टोप्या, आणि कपाटाएवढा स्पीकर. कारभारी नावाचे वयस्क वेटर होते, त्यांनी हौसेनं एंजेलाला विचारलं, "काय खानार बाळ?" एंजेला टेबलाखाली. मीच मसाला पापड सांगितला. पापड आला आणि त्याच क्षणी इसहाकनं जाहीर केलं की त्याला शू लागली आहे. (आत्या, हे मूल पदार्थ टेबलावर टेकल्याशिवाय कधी शू म्हणत नाही.) बाथरूम समोरच दिसत होतं. एंजेलाला पापडाची आणि मोबाईलची राखण करायला बसवलं आणि इसहाकला उचलून आत गेलो.

काम झालं. दार उघडायला गेलो, तर उघडेना. ओढलं, ढकललं, खांदा लावला. तेवढ्यात दिवे गेले. इसहाकनं जो सूर लावला तो त्या बंद खोलीत चारी भिंतींवरून परत यायचा. मी दार बडवलं, हाका मारल्या. पण बाहेरचा स्पीकर बॅटरीवर होता, त्याचं गाणं ऐन भरात आलं होतं. मोबाईल पापडाजवळ. अंधार, घाम, कडेवर भोकाड पसरलेलं पोर, आणि बाहेर भरल्या हॉलमध्ये माझी सहा वर्षांची मुलगी एकटी, जी कुणालाही एक शब्द विचारू शकत नाही. खरं सांगतो आत्या, मला माझी काळजी नव्हती. ती रडत बाहेर रस्त्याकडे गेली तर, या विचारानं मी पुन्हा दाराला खांदा लावला. आराधनाची खिचडी डोळ्यांसमोर आली.

आणि मग तो आवाज आला. घरात बाथरूममधून टॉवेल मागते ना, तो, पण त्याच्या दहापट.

"गाणं बंद करा! माझे पप्पा संडासात अडकलेत!"

गाणं बंद झालं. इसहाकसुद्धा गप्प, कारण ताईचा आवाज त्यानं घराबाहेर कधी ऐकला नव्हता.

"आणि माझा भाऊपण आहे आत," आवाज पुढे म्हणाला. "त्याला अंधाराची भीती वाटते. पप्पांनापण वाटते, पण ते सांगत नाहीत."

मला तिथंच रडू फुटलं. उपड्या बादलीवर बसलो आणि इसहाकला छातीशी धरून मोठ्यानं रडलो. बाहेर धावपळ झाली. कारभारी दाराला तोंड लावून मला धीर देत होते, "ओ पाव्हनं, रडू नका, आमी हाय ना हितं." त्यांना काय सांगू, की मी कशासाठी रडतोय!

दार उघडलं. (कसं उघडलं, हा इथं मुद्दा नाही.) पाहतो तर एंजेला खुर्चीवर उभी, एका हातात मोबाईल, दुसऱ्यात पापडाचा तुकडा, आणि सगळा वाढदिवस तिच्याभोवती टाळ्या वाजवतोय. वाढदिवस अफ्रीन नावाच्या मुलीचा होता. तिची आजी इमामबी पुढे आली, एंजेलाच्या तोंडात केक घातला आणि विचारलं, "बेटा, नाव काय तुझं?" मी सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तर पोरगी केक गिळून, मान ताठ करून म्हणते, "एंजेला पॉल भिंगारदिवे."

त्यानंतर ती थांबलीच नाही. कारभारींना सांगितलं, पापड गार झालाय, दुसरा आणा. पनीर कमी तिखट आणा. तुमचं नाव कारभारी आहे, तर तुम्ही कारभार काय करता? माझे पप्पा चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की झोपतात. आमच्या कर्जतच्या आजी (म्हणजे तुम्ही) पप्पांना अजून पाढे विचारतात. अख्ख्या हॉलनं ऐकलं. मी मान खाली घालून जेवत होतो, पण असा गोड घास मी आजवर खाल्ला नाही.

संध्याकाळी आराधना आली. अंधारापर्यंतचं ऐकून तिनं मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. पुढचं सांगितलं तेव्हा पदराला डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मग एंजेलाला कुशीत घेऊन विचारलं, भीती नाही वाटली का गं? पोरगी म्हणाली, "वाटली. पण पप्पांना काढायला दुसरं कोण होतं?"

तर आत्या, तुमचा सल्ला खरा ठरला. आणि एकटा बाप दोन पोरं घेऊन फिरू शकतो, हेही सिद्ध झालं. कंपनीत मी पेढे वाटले. तुमच्या वाटचे फ्रीजमध्ये आहेत, इसहाकपासून लपवून.

तुमचा लाडका (तुम्ही नाही म्हणालात तरी),
पॉल

ता. क. : आराधनानं पत्र वाचलं. ती म्हणते, दाराचं खरं लिहा. दार बिघडलेलं नव्हतं, ते सरकवायचं होतं. कारभारींनी बाहेरून एका बोटानं सरकवलं. दारावर बाण होता म्हणे, पण अंधारात बाण कुणाला दिसतो?

ता. क. २ : ती असंही म्हणते की दिवे नंतर गेले. असतील.

ता. क. ३ : आता मुख्य काम. काल संध्याकाळी एंजेलाच्या मिसचा फोन आला. पोरगी वर्गात क्षणभर गप्प बसत नाही, शेजारच्या बाकालाही बोलतं केलंय, शुक्रवारी पालकांनी येऊन भेटावं. आराधना शुक्रवारी परत पुण्याला आहे. आत्या, तुम्ही चौथीत मला बाकावर उभं केलंत तेव्हापासून कुठल्याही बाईंसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. (पत्र आजच एसटीच्या कंडक्टरकडे देतोय, उद्या हातात पडेल.) गुरुवारच्या एसटीनं या. मी स्टँडवर घ्यायला येतो. शाळेत तुम्ही बोला, मी हात वर करीन.