चेंबरखालचा कागद

उस्ताद, आज पुन्हा एक तशीच गाडी आली. क्लच नसलेली, ऑटोमॅटिक, आणि तक्रारही तीच. गिअरबॉक्सच्या तळाचं पातेल्यासारखं चेंबर गळतंय, खाली लाल तेल ठिबकतंय. उतरवून पाहिलं तर प्रत्येक बोल्टपाशी कडेला खड्डा. कोणीतरी सगळा जीव लावून आवळलं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कोन्या गधड्यानं कुस्ती खेळली बे इथं?" मी ती कडा तुमच्या लोखंडी पाटीवर ठेवली आणि हातोडीनं हलकं हलकं ठोकत सरळ करत बसलो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, अकोल्यात माझं स्वतःचं गॅरेज झालं, पण ही पाटी काढली की मला अजून तुमच्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

अमरावतीत तुमच्याकडं आलो तेव्हा मी कॉलेज अर्धवट टाकलं होतं. मला आवडणाऱ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल एका पोरानं काहीतरी म्हटलं, मी त्याला व्हरांड्यातच हाणलं, माफी मागायला सांगितली तर मागितली नाही, आणि परत गेलोच नाही. चांदूर बाजारला घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. तुम्ही विचारलंत, "काय येते तुले?" मी म्हणालो, "काहीच नाई." "भांडन येते असं आयकलं." "येते." "मंग ते घरी ठेवून येत जाय बेटा." एवढीच माझी मुलाखत. पहिल्या महिन्यात तुम्ही मला बोल्ट बसवायला शिकवलं. समोरासमोरचे दोन घ्यायचे, चिमटीनं फिरवायचे, मग पाना लावायचा, आणि मधलं रबरी पॅकिंग जरासं दबलं की हात काढायचा. मी जोर लावला की तुम्ही पाठीत धपाटा घालायचात. "तेल पॅकिंगनं रोकायचं हाय, तू कायले दात खाऊन राहिला?"

आणि तो कागद. चेंबर बसवलं की इंजिन गरम करायचं, सगळे गिअर एकदा फिरवायचे, गाडी चालूच ठेवायची आणि खाली वर्तमानपत्र पसरायचं. शुक्रवार असला की कागद टाकून तुम्ही जुम्म्याच्या नमाजला जायचात. परत आल्यावर कागद पाहायचात. कोरा असला तरच गाडी दाराबाहेर जायची, मालक कितीही मोठा असो.

त्या शुक्रवारी अकोल्याच्या डॉक्टरांची गाडी होती. ती पोचवायला मीच जाणार होतो. सकाळी कॉलेजातल्या त्या मुलीचा मेसेज आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं शिक्षण संपवून ती संध्याकाळच्या रेल्वेनं पुण्याला नोकरीवर चालली होती. मी लिहिलं, येऊ का? तिचं उत्तर, "पाय तुह्यं." ये नाही, नको नाही, तुझं तू बघ. त्या दोन शब्दांचा राग मी बोल्टांवर काढला. तुम्ही अंगणात नमाजाआधी हातपाय धूत वजू करत होता, तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही गेलात, अर्ध्या तासानं मी वाकून पाहिलं तर कागदावर एक लाल थेंब. कुंकवाच्या टिकलीएवढा. चेंबर परत खोललं तर संध्याकाळ जाणार. मी बाहेरून कडा पुसली, तो कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि त्या जागी दुसरा पसरला.

तुम्ही आलात. चष्मा लावून कागद पाहिलात. मग सवयीनं चेंबरच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि थांबलात. "कागद तं कोरा हाय. मंग माह्या बोटाले ओलं कावून लागून राहिलं?" मी पाने पेटीत भरू लागलो. तुम्ही बोट फडक्याला पुसलंत, हसलात. "बोटंच तेलकट झाले आता. जाय, घेऊन जाय."

ती होस्टेलच्या फाटकाशी आली. आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कोनाची हाय?" "माह्याकडंच असते," मी म्हणालो. ती म्हणाली, "गाडी दाखवाले आला का मले भेटाले?" मी बाहीनं बॉनेटवरची धूळ पुसली.

चार दिवसांनी डॉक्टर ती गाडी घेऊन धारणीला निघाले. घाटात सगळं तेल जाऊन गिअरबॉक्स जळला. रेस दिली तरी गाडी चढेना. म्हाताऱ्या आईला घेऊन ते दुपारच्या उन्हात जीपची वाट पाहत बसले. पुढं ते तुमच्या दारात उभे राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, आणि मी, उस्ताद, मी त्यांच्या अंगावर धावून गेलो! "मानसाचं वय पाहून बोला," असं काय काय बोललो. तुम्ही माझी कॉलर धरून मागं ओढलंत. "हट बे. गलती माही हाय. ओलं काय अन् कोरडं काय, आता मले समजत नाई."

त्यानंतर तुम्ही एकही गिअरबॉक्स उघडला नाही. पंक्चर, ब्रेक, एवढंच. ही पाटी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "तुह्ये बोटं अजून खरे हायत." चहाच्या टपरीवर तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, पोरगं माह्यासाठी डॉक्टरले भिडलं. मी शेजारी बसून चहा पीत असायचो. शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हाही तुम्ही तुमचं ते बोट अंगठ्यावर घासून पाहत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी संत्री सोलत बसलो.

तुमचं बोट खरं होतं. कागद खोटा होता, आणि तो मी टाकला होता.

आजच्या गाडीखाली कागद टाकून मी तासभर स्टुलावर बसून होतो. कोरा राहिला. हे पत्र आता पाटीखाली ठेवतो, दुसरं कुठं टाकणार. पण एक राहिलंच. तुम्हाला मेसेजचं माहीत होतं, मीच सकाळी दाखवला होता. नमाजला निघताना तुम्ही फाटकातून वळून म्हणाला होता, "जायचंच हाय तं दोनच्या एसटीनं जाय ना, गाडी मी उद्या पोचवतो." दोनची एसटी मिळत होती, उस्ताद. एसटीतून उतरताना तिनं मला पाहू नये, गाडीतून उतरताना पाहावं, एवढंच होतं.