सासनकाठी आणि माझे रोइंग

रविवार, १ फेब्रुवारी १९९८. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
कसबा बावड्यात दूध संस्थेच्या काउंटरवर बसून, पहिल्या कॅनची वाट पाहत लिहीत आहे. रोजनिशी आजपासून. कारण गंभीर आहे.

काल डॉक्टरांनी वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, पाठीचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सांगितले, मणका सरकला आहे, यापुढे वजन उचलायचे नाही. घरी आल्यावर आण्णा उंबऱ्यातच आईला म्हणाले, “मग काठीचं काय?”

चैत्र पौर्णिमेला आमच्या भावकीची सासनकाठी जोतिबाच्या डोंगरावर जाते. तीस फुटी वेळू, कापडाने मढवलेला. चार बाजूंनी दोर धरणारे आणि मधोमध काठी उभी पेलून नाचणारा एकच माणूस. निघताना ती पहिल्यांदा पेलायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर आण्णा. घरात पेलणारा नसेल तर मान थोरल्या काकांच्या घरात जाणार. आणि गेलेला मान परत आल्याचे भावकीत कोणी पाहिलेले नाही.

आण्णांना मुलगा मी एकटाच. वजन ५२ किलो. पाठ कमावण्याचा निश्चय केला आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी.
जिममध्ये नाव घातले. मालक आणि मास्तर एकच, सयाजीदादा. पाठीसाठी त्यांनी ‘बेंट ओव्हर रोइंग’ सांगितले. गुडघे किंचित मोडायचे, कमरेत वाकून छाती जमिनीकडे न्यायची, पाठ फळीसारखी सरळ ठेवायची आणि वजनाचा बार पोटाकडे ओढायचा. समजायला सोपे आहे.

सयाजीदादांच्या मते, मी वाकलो तेव्हा माझी पाठ कुत्रं बघितलेल्या मांजरागत झाली होती. ते उभे होते तिथून तसे दिसले असावे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी.
मूळ अडचण लक्षात आली. दंड दिसतो, छाती दिसते. स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही. मग सुधारणार कशी?

उपाय: बाळासोचे सलून. समोर मोठा आरसा, मागे धरायला छोटा. झाडू आडवा धरून खुर्चीसमोर वाकलो आणि बाळासोला मागे आरसा धरायला सांगितले. बाकावरचा एक जण म्हणाला, “पावणं, काय हुडकताय खाली? पडलं का काय?” बाळासोने बराच वेळ पाहिले आणि सांगितले, “पाठ ऱ्हाऊ दे. मानंवर केस लई वाढल्यात.”

केस कापून आलो. पाठ सरळच होती. आरसा मात्र एका बाजूला जरा वाकडा आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.
थोरल्या काकांचा ज्ञानू संस्थेत कॅन टेंपोत चढवतो. आज त्याने मला हात लावायला बोलावले. मी स्पष्ट सांगितले की पाठीचा आज विश्रांतीचा दिवस आहे, इंज्युरी झाली तर जबाबदार कोण?

तो म्हणाला, “मग तुझी पाठ कामावर कवा येती त्ये तरी सांगून ठेव.”

त्याला सायन्स माहीत नाही. शिवाय मान गेला तर त्याच्याच घरात जाणार, त्यामुळे त्याच्या बोलण्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दिवसभर लक्ष जात होते.

गुरुवार, २६ फेब्रुवारी.
रोइंग ४५ किलो! ३० वरून.

सयाजीदादा खूश नाहीत. म्हणाले, “वजन वाढलं की तुझं वाकणं कमी हुतंय. आरं, ह्ये रोइंग न्हवं. पिशवी धरून एस्टीची वाट बघत उभारल्यागत दिसतंय.” २० किलोवर ये आणि आधी वाकायला शिक, असा त्यांचा सल्ला.

शक्य नाही. भावकीत उभे राहून ‘माझे वीस किलो होतात’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

रविवार, ८ मार्च.
साठ. घरी जाहीर केले.

आईने विचारले, “कशाचं साठ?” आण्णा उताणे पडले होते. त्यांनी विचारले, “किती येळा?” चार वेळा म्हणालो. “वाकून?” मी म्हणालो, तुमची शेकायची वेळ झाली.

सोमवार, ९ मार्च.
आण्णा काल संध्याकाळी काठी टेकत कट्ट्यावर गेले आणि चारचौघांत थोरल्या काकांना सांगून आले, “माझं पोरगं पेलतंय. साठ किलो वडतंय त्ये.”

हे मला दूध घालायला आलेल्या बाईंकडून कळले. त्यांच्या नावापुढे दुधाचे फॅट चुकीचे लिहिले. खोडून पुन्हा लिहिले. पाडव्याच्या आधीच्या रविवारी भावकीची बैठक आहे, तिथेच ठरणार.

मंगळवार, १० मार्च.
२० किलोवर आलो. माघार नव्हे, पाया पक्का करणे. घरी सांगण्याची आवश्यकता नाही.

सयाजीदादा मागे उभे राहून ओरडतात, “वाक! आजून वाक! कोपरं मागं!” आता दूध लिहितानाही कानात ‘वाक’ ऐकू येते.

शुक्रवार, २० मार्च.
आज सयाजीदादा “हां” म्हणाले. फक्त “हां”. त्यात सर्व आले.

आण्णांनी आईकडून माझ्यासाठी पांढरा शर्ट धुऊन घेतला आहे. मला भूक नाही. आनंदामुळे असावे.

रविवार, २२ मार्च. दुपारी ३.
जे घडले ते क्रमाने लिहितो.

देवळासमोर भावकी जमली. सयाजीदादाही बघायला आले होते. थोरल्या काकांनी सरळ न्याय केला. म्हणाले, “पोरगं पेलत आसंल तर मान त्येंचाच. दीपमाळंपत्तोर एक फेरी मारू दे, मग बोलायचं कामच न्हाय.” काठी बिनकापडाची, नुसता वेळू. दोरांवर चौघे उभे राहिले. आण्णा पायरीवर बसले होते.

काठी हातात आली. पहिली काही पावले उत्तम. कोणीतरी “चांगभलं” म्हणाले. मग वरचा शेंडा जरा हलला, त्याचे ओझे एकदम पोटाशी आले आणि कानात आवाज आला, वाक.

मी वाकलो. गुडघे किंचित मोडले, छाती जमिनीकडे नेली, पाठ फळीसारखी सरळ. कोपरे मागे नेऊन वेळू पोटाकडे ओढला. इतके अचूक रोइंग माझ्याकडून आजपर्यंत झालेले नाही.

काठी काकांच्या डोक्यावरून शेजारच्या दूध संस्थेच्या पत्र्याकडे निघाली. दोरावरचे ओरडू लागले, “सोड! आरं न्हाय, धर! उभा ऱ्हा की, मर्दा! वाकतोस कशापायी?”

तेवढ्यात माझ्या पाठीला कोणाची तरी छाती लागली आणि दोन हात पुढे येऊन वेळूवर बसले. आण्णा. पायरीवरून कसे आले, कळले नाही. काठी उभी झाली. काही क्षण आम्ही दोघांनी मिळून ती पेलली. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता. मग ते ज्ञानूला म्हणाले, “घे रं.” ज्ञानूने घेतली.

माझ्याकडे कोणी पाहिले नाही. फक्त सयाजीदादा जवळ येऊन हळूच म्हणाले, “फॉर्म मातर आज एक नंबर.” ते चेष्टा करत नव्हते, असे मला वाटते.

सोमवार, २३ मार्च.
आण्णांना कूस बदलता येत नाही. डॉक्टर घरी येऊन रागावून गेले.

कारणे: एक, वारा. दोन, दोर असमान ओढले गेले. तीन, वेळू ओला असावा.
तिसरे कारण खोडले. वेळू वाळलेला होता, मी स्वतः हात लावला होता.

शनिवार, ११ एप्रिल. चैत्र पौर्णिमा. सकाळी ८.
मला दोर धरायला बोलावले होते. गेलो नाही. आण्णांजवळ कोणीतरी थांबायला हवे.

हलगी वाजत आली. दारासमोर थांबली. ज्ञानूने बाहेरून हाक दिली, “आण्णा, काठी आलीया बघा!” आण्णा उठू पाहत होते. मी पुढे झालो. पाय नीट रोवले, गुडघे किंचित मोडले, कमरेत वाकलो.

आण्णा म्हणाले, “तू नगं. आईला हाक मार.”

आई पिठाच्या हातांनीच आली. पाठीखाली एक हात घातला आणि त्यांना एका दमात उठवून बसवले. गुडघे ताठ, पाठ कमानीसारखी, मान खाली. फॉर्म पूर्णपणे चुकीचा.

मी खिडकी उघडून दिली.