देवाजवळ बसायला वेळ

१ जानेवारी १९४६, घोडेगाव
यंदा निश्चय पक्का. देवाच्या जवळ राहायचं. रोज पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना, शुक्रवारी उपास. बायकोला, दीनाला सांगितलं. म्हणाली, मलाही एखादा अध्याय वाचून दाखवत जा. तिला वाचता येत नाही. पण त्यानं माझी एकाग्रता मोडेल. तिच्यासाठी रविवार ठेवला.

२ जानेवारी
साडेसहाला उठलो. थंडी फार. प्रार्थना पाच मिनिटं, पण मनापासून.

६ जानेवारी, रविवार
पाद्रीसाहेब आले होते. पहाटे उठण्याचे फायदे त्यांना सविस्तर सांगितले. त्यात दीनाचा अध्याय राहिला.

१८ जानेवारी, शुक्रवार
उपास. दुपारी फक्त शेंगदाणे आणि गूळ. दीनाला खोकला, ताप. शेजारच्या गोजरबाई काढा घेऊन येतात, तासभर बसतात. घरात शांतता म्हणून नाही. सोमवारपासून प्रार्थना शाळेत.

२९ जानेवारी
शाळेत एकांत उत्तम. बाकावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. प्रभूनंच विश्रांती दिली असावी. हेडमास्तरांना तसं वाटलं नाही.

९ फेब्रुवारी
दीना उठत नाही. गोजरबाई म्हणतात, नगरच्या दवाखान्यात न्या; त्यांचे मालक गाडी जुंपायला तयार आहेत. पण श्रीरामपूरला तीन दिवस सभा आहेत. विषय, प्रभूचा सहवास. नेमका माझाच. दीना म्हणाली, "या खेपेला राहू द्या. जवळ बसा जरा." तिला समजावलं, तिथं तुझ्यासाठीच प्रार्थना करीन. बुधवारी आलो की लगेच नगर.

११ फेब्रुवारी, श्रीरामपूर
सभेत उभं राहून साक्ष दिली. घरात आजारपण असूनही मन किती शांत आहे, ते सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. माझेही.

१३ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी घरी पोचलो. दीना सकाळीच गेली. गोजरबाई जवळ होत्या.

१४ फेब्रुवारी
माती झाली. घरून निघण्याआधी पाद्रीसाहेबांनी विचारलं, दीनाबाईंच्या भक्तीविषयी चार शब्द सांगा. मी म्हणालो, तिला वाचता येत नव्हतं.
गोजरबाई दारात उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी पहाटं पान्याला निघायची, तवा दीना ओट्यावर बसल्याली असायची. हात जोडून. आत बसली तर मास्तरांची झोप मोडंल म्हनायची. लई गार असायचं. मी म्हनायची, आत जा. न्हाई जायची. तुमच्यासाठीच मागायची, मास्तर."
कबरीपाशी पाद्रीसाहेबांनी तेच सांगितलं. थंडीचं सोडून.

१६ फेब्रुवारी
पहाटे जाग आली. ओट्यावर जाऊन बसलो. हे प्रभू, म्हटलं. पुढं काही आलं नाही.
ऊन वर आल्यावर गोजरबाई भाकरी ठेवून गेल्या. खाल्ली. भूक लागली होती.