रस्त्याकडचं दार

सोमवार
आलो बुवा एकदाचे! कालव्याच्या कचेरीत मोजणीदाराची नवी नोकरी, वर भाड्यानं अख्खं घर. ऐसपैस अंगण, विटांची भक्कम न्हाणी, सांडपाण्याला वरून झाकलेली मोरी. नववा महिना लागलेली बायको पोट सांभाळत घरभर फिरली आणि खूश झाली. खोट एकच. मोठ्या रस्त्याकडे दारच नाही, नुसती भिंत. ये-जा मागच्या बोळातून, तिथं हातगाडीसुद्धा अडकते. अख्ख्या गावाची हीच तऱ्हा. बाळंतपणाला गाडी काय डोक्यावरून आणू? घरमालक म्हणाले, रस्त्यानं नदी येते, तिच्या तोंडावर दार ठेवत नाहीत. अहो, नदी पात्र बदलून दोन कोस लांब गेली, त्यालाही हजारो वर्षं झाली! पण सांगतो कुणाला.

मंगळवार
गवंड्याच्या हातापाया पडून भिंत फोडायला लावली. उंबऱ्यासाठी खणलं तर खाली मातीत गाडलेलं जुनं घर लागलं. तशीच न्हाणी, तशीच मोरी, विटांचं मापही तेच. त्या घराला रस्त्याकडे दार होतं, पण विटांनी बुजवलेलं. लिंपणात बोटांचे ठसे होते, आतल्या बाजूनं. गवंडी काम टाकून निघाला होता, कसाबसा थांबवला. संध्याकाळपर्यंत भगदाड तयार. चौकट उद्या.

बुधवार
कचेरीतून आलो तर भगदाड बुजवलेलं! गवंड्याशी कडाक्याचं भांडण झालं. तो आईची शपथ घेतो, मी नाही म्हणून. शेवटी मीच पहार घेऊन पुन्हा फोडलं. कंबर कामातून गेली.

गुरुवार
पुन्हा भिंत. डोकं फिरायची वेळ आली. घरमालकांना फैलावर घेतलं, तर म्हणाले, घरातलंच कुणीतरी असेल. वर हसले! पुन्हा फोडली.

शुक्रवार
दुपारीच परत आलो. बायको भिंत रचत होती. जिला मी पाण्याची कळशी उचलू देत नाही, ती सांध्यावर सांधा येऊ न देता वीट बसवत होती, अगदी सराईतासारखी. हाक मारली तशी दचकली. काहीच आठवत नाही म्हणाली, फक्त पाण्याचा आवाज येत होता. खूप रडली. मला भीती वाटते आहे. उद्या रजा, दारातच बसणार.

शनिवार
खुर्ची टाकून बसलोय. रस्ता कोरडा ठाक. कळा सुरू झाल्या. इस्पितळाची गाडी बोलावली, रस्त्याकडूनच ये म्हटलं. आता येईल.

आवाज येतोय. पाण्याचा. रस्ता कोरडाच आहे, मला दिसतोय कोरडा – मग नखांत माती कसली?

अर्धी भिंत झाली. केव्हा –

बोळाचं दारही बुजलंय. ओलं आहे अजून. मीच –

गाडी आली. भोंगा वाजतोय. ओरडायला हवं, पण – बायको कळा सोसत एकेक वीट हातात देते. डाव्या हातानं लिहितोय. उजवा थांबत नाही, बोटांनी लिंपतोय, आतून –

एकच फट उरली. तिच्यातून ड्रायव्हर हाका मारतोय. बायको म्हणते, घ्या, ही शेवटची वी