दुखऱ्या हातानं विणलेली कानटोपी

रांजणगाव,
ता. ९ डिसेंबर

आबा,

तुमच्या आन् आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

पार्सलात तुम्हाला लोकरीची कानटोपी आन् आईला गळपट्टा धाडलाय. मी घरी बसून विणलंय. हसू नका. मेंढरांमागं चालता चालता तुम्ही लोकर कातायचा, तवा कुणी हसलं व्हतं का?

दिवाळीआधी गाडीवरून पडलो आन् उजवं मनगट मोडलं. तुम्ही घाबराल म्हणून कळवलं न्हाई. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटंनात. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. तुमच्या सूनबाईनं तिची क्रोशाची सुई पुढं केली. म्हणाली, "बघत काय बसलाय? घाला टाका."

सुई सारखी गळायची. पहिली टोपी नारळाला बसंल एवढीच झाली, ती उसवली. दुसरीबी उसवली, पण सुई खाली ठेवली न्हाई.

कंपनीनं अजून कामावर घेतलं न्हाई. सूनबाईची शिफ्ट चालू हाय, तवा काळजी नको. पुढच्या महिन्यात मी जाणारच.

आईचा खोकला कमी हाय का? गळपट्टा पेटीत ठेवू देऊ नका.

अक्षर वाकडं दिसंल. पण आबा, हे समदं मी उजव्या हातानं लिहिलंय.

तुमचा
बिरदेव