पोट आत ओढल्याची हकीकत

बसवनगुडी, बेंगळुरू

तीर्थरूप वीणाताईस,

तुझ्या धाकट्या पुरुषोत्तमाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण पोटामुळे आठही अंगं एकदम जमिनीला टेकत नाहीत.) मिरजेत तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

इकडे मी मजेत. अवधूत आणि सूनबाई निधी सकाळी ऑफिसला जातात ते दिवेलागणीनंतर परततात. मुलं गुणी आहेत. ‘बाबा, पाणी प्या’ असा निधीचा मेसेज दुपारी न चुकता येतो (तो फोन आपोआप पाठवतो, हे मला मागाहून कळलं). जेवण झाकून ठेवलेलं असतं. पण ही गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही. म्हणून मी कोपऱ्यावरच्या गुंडूच्या मिठाईच्या दुकानात जाऊ लागलो. तो ‘ऊट आयता, अण्णा?’ असं विचारतो, म्हणजे जेवण झालं का. आता इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याकडून रिकाम्या हाताने कसं परतायचं? रोज म्हैसूरपाक घेत गेलो, आणि घरी नेऊन तरी कुणाला देणार, म्हणून तिथेच उभ्याने खात गेलो.

पुढे जिना चढताना धाप लागू लागली. निधीने लगेच दवाखान्यात वेळ घेतली आणि मला टॅक्सीत बसवून दिलं. तिथे अक्षरा नावाची नर्स टेप घेऊन कमरेचा घेर मोजायला आली. परक्या मुलीसमोर अब्रू नको जायला, म्हणून मी पोट आत ओढून श्वास रोखला. ती म्हणाली, “उसिरु बिडी, सर.” मी पोट आणखी आत ओढलं. ती पुन्हा, जरा मोठ्याने, “बिडी, सर, बिडी!” सगळे वळून पाहू लागले. आपल्या सात पिढ्यांत कुणी विडीला हात लावला नाही, ताई! मी भडकून ओरडलो, “मैं बीडी नहीं पीता!” ओरडण्यासाठी श्वास सोडावा लागला, त्याबरोबर पोट मोकळं झालं आणि टेप तिच्या हातातून निसटली. ‘उसिरु बिडी’ म्हणजे श्वास सोडा, हे मग कळलं. पोरगी हसून हसून खाली बसली. मीही हसलो. किती दिवसांनी, आठवत नाही.

डॉक्टर महांतेश बेळगावकडचे, मराठी छान बोलतात. म्हणाले, “काका, हृदय अजून धड आहे. पण वाढलेलं पोट, साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी, ही सगळी मिळून त्याला दमवतायत. असंच चाललं तर पुढे ते कमजोर पडेल, पायांवर सूज येईल, पडल्या पडल्या धाप लागेल. आत्ताच सावरलं तर पुष्कळ टळेल.” मग विचारलं, “दिवसभर घरी कोण असतं?”

“टीव्ही,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी मला सगळं बोलू दिलं. बाहेर रांग खोळंबली होती, तरी मी बोलतच राहिलो.

येताना गुंडूकडे गेलो. म्हैसूरपाक बंद झाला, आता तुझ्या दुकानात यायचं कारण उरलं नाही, असं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याला सांगितलं. “सरी, अण्णा,” म्हणजे बरं, असं म्हणत त्याने गल्ल्याशेजारी स्टूल सरकवलं आणि आपल्या डब्याबरोबरचं बिनमिठाचं ताक मला दिलं. आलं-मिरची जरा जास्तच होती, डोळ्यांत पाणी आलं. आता रोज उद्यानापर्यंत चालतो आणि परतताना त्या स्टुलावर टेकतो.

तेव्हा काळजी नसावी. मी अगदी ठणठणीत आहे.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. अवधूतला यातलं काही कळवू नकोस. मी इथे रमलोय असं त्याला वाटतं, आणि त्या समाधानावर पोराला झोप लागते.

आणखी एक ता. क. पुढच्या तपासणीला घरचं कुणीतरी सोबत आणा, असं डॉक्टरांनी बजावलंय. अवधूतला रोजच मीटिंग असते. मी तिथे तुझं नाव सांगून आलोय. तारीख अजून घेतलेली नाही, ताई. तू येशील तेव्हाचीच घेईन.